मी आलो तेव्हा

प्रिय भिंगरी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. फोन कापायला एक बोट पुरतं. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलंस की एखादी ओळ तरी नजरेखालून जाईल, एवढ्याच आशेवर लिहिते आहे. बाबा गेल्यावर तू इथे राहिलीस तेव्हाही आपण दोघी दिवसदिवस बोलत नव्हतो, पण ते न बोलणं एकमेकींच्या कुशीतलं होतं. आताचं तसं नाही, हे मला कळतं.

इकडचं म्हणशील तर क्वार्टर सोडायचं आहे. कोल्ड स्टोरेजच्या कंपनीनं मुदत दिली आहे, आणि मुदत द्यायला आलेला माणूस चपला न काढता दारातच उभा राहिला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी सामान आवरायला काढलं आहे. तुझ्या बाबांचे कामाचे बूट कुठे ठेवावेत ते ठरत नाही. टाकवत नाहीत आणि समोर असले की बघवत नाहीत, म्हणून सध्या पलंगाखाली सरकवले आहेत. शाळा चालू आहे. गणिताच्या बाई, ज्या वर्षानुवर्षं माझ्या डब्यातलं न विचारता उचलून खायच्या, त्या आता आपला डबा घेऊन खिडकीपाशी बसतात. वर्गात कोल्ड स्टोरेजमधल्या माणसांची मुलं आहेत. ती मला काही म्हणत नाहीत, पण मी फळ्याकडे वळले की मागे कुजबुज सुरू होते आणि वळून पाहिलं की सगळ्यांच्या माना वहीत. मी शिकवत राहते. दुसरं काय करणार?

काकांनी तुला सगळं सांगितलं आहे, हे मला ठाऊक आहे. ते खोटं सांगणार नाहीत. पण तुझे काका म्हणजे थोरल्या भावावरच्या मायेनं आंधळे झालेले. त्यांनी तुला सांगितलं असेल की वहिनी भर चौकशीत उभी राहिली आणि तिनं दादाचं नाव मातीत घातलं. माझ्या तोंडून तू काहीच ऐकलेलं नाहीस. तू तिथे नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. मधेच पान उलटू नकोस.

तुला आठवतं का, तू सातवी-आठवीत असताना मी तुला स्वयंपाकघरातल्या टेबलावर इंग्रजी शिकवायची? एका बाजूला कांदा चिरायचा आणि एका बाजूला काळ. तुझी गाडी ‘हॅड’वर येऊन अडायची. आपल्या सगळ्याच मुलांची अडते. आपण सहज म्हणतो, मी काल बाजारात गेले होते. त्या ‘होते’चा मराठीत कुणाला त्रास नाही. पण मुलं तेच उचलून इंग्रजीत नेतात आणि जिथे तिथे ‘हॅड’ लावून ठेवतात. मी सांगायची, ‘हॅड’ला एकट्याला उभं राहता येत नाही, त्याला सोबत लागते. दोन गोष्टी घडलेल्या हव्यात, आणि त्यातली जी आधी घडली तिला ‘हॅड’. ‘बिफोर’ असेल, ‘आफ्टर’ असेल, तर आधी काय न् मग काय ते त्या शब्दांतच येतं, तिथे ‘हॅड’ विसरलीस तरी एक वेळ चालेल. पण ‘व्हेन’ मुका आहे. तो तुला क्रम सांगत नाही. मी दार उघडलं तेव्हा मांजर पळालं, आणि मी दार उघडलं तेव्हा मांजर पळालं होतं. पहिल्यात मांजर मी घालवलं, दुसऱ्यात त्यानं आधीच पोबारा केलेला. इंग्रजीत या दोन वाक्यांत फरक कोण करतं? एकटा ‘हॅड’. तू वैतागून म्हणायचीस, गेलं ना मांजर, मग कसं का गेलं असेना! आणि बाबा तिकडून पेपरातलं डोकं न काढता म्हणायचे, “अगं, तुझ्या आईच्या घरात चोर शिरला ना, तर ती आधी त्याला विचारेल, मी जागी झाले तेव्हा तू शिरलास की शिरला होतास?” तू खुर्चीवरून पडेपर्यंत हसली होतीस.

त्याच सुमाराला लंबू माझ्या वर्गात होता. शेवटच्या बाकावर, पाय बाकाबाहेर काढून बसणारा. स्वभावानं गरीब, पण इंग्रजीच्या नावानं आनंद. ‘हॅड’ तर तो मिठासारखा टाकायचा, चवीपुरता म्हणता म्हणता सगळंच खारट करून ठेवायचा. दोनदा नापास झाला आणि शाळा सुटली. पुढे तुझ्या बाबांनीच त्याला कोल्ड स्टोरेजच्या मशीन रूममध्ये मदतनीस म्हणून घेतलं. त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचा, मला मात्र शेवटपर्यंत ‘बाई’.

त्या दिवशी मी नववीच्या वर्गावर होते, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. कोल्ड स्टोरेजचा भोंगा वाजला, नेहमीसारखा लांब नाही, तुटक तुटक. मुलं खिडकीशी धावली. मग तो वास आला. अमोनियाचा वास तुला माहीत आहे, बाबांच्या कपड्यांना असायचा, पण त्या दिवशी शाळेच्या पटांगणापर्यंत आला आणि डोळ्यांतून पाणी काढू लागला. मुलांना मागच्या दारानं बाहेर काढलं, त्यांच्या तोंडावर ओले रुमाल धरायला लावले, आणि मग मी धावत सुटले. फाटकापाशी मला अडवलं. सुरक्षारक्षक ओळखीचा, पण मान खाली घातलेला. तेव्हाच मला कळलं.

पुढचं तुला माहीत आहे. मशीन रूममध्ये तुझे बाबा सापडले, हात तेल काढायच्या व्हॉल्व्हवर, यंत्रात साचलेलं तेल ज्यातून निथळतात आणि जो उघडा राहिला की तेलामागून अमोनिया सुटतो, तो. व्हॉल्व्ह त्यांनी बंद केला होता. पलीकडे पॅकिंगच्या खोलीत काम करणारी शिंप्याची मुलगीही गेली, तुझ्यापेक्षा वर्षा-दोन वर्षांनी लहान. तुझे शाळेचे सगळे गणवेश तिच्याच बापानं शिवले. ती दाराकडे पळण्याऐवजी उलट्या बाजूला पळाली म्हणतात. डोळे मिटलेल्या माणसाला दिशा कुठून कळणार?

कंपनीनं दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की लंबूनं तेल काढताना हलगर्जी केली आणि वायू सुटल्यावर तो पळाला. तुझे बाबा मात्र इतरांना वाचवायला आत गेले. फाटकाशी त्यांचा मोठा फोटो लागला. शोकसभेत तू बोललीस, “माझे बाबा पळाले नाहीत, आत गेले,” आणि सभागृहात एक डोळा कोरडा राहिला नाही. बोलून तू शेजारी येऊन बसलीस तेव्हा मी तुझा हात धरला, आणि त्या दुःखातही मला ताठ वाटत होतं. लंबूला पोलिसांनी नेलं. त्याच्या घराच्या दारावर कुणी काळा रंग ओतला. त्याच्या बायकोला वाण्यापासून दूधवाल्यापर्यंत कुणी उभं करेना. मीही त्याला मनातल्या मनात तळतळाट दिले, आणि ते अगदी मनापासून दिले, खोटं कशाला सांगू? तू परत कामावर गेलीस आणि चौकशी सुरू झाली.

चौकशीचे साहेब बाहेरून आलेले होते, त्यांना आपली भाषा येत नव्हती. कंपनीच्या मीटिंग हॉलमध्ये टेबलं जोडून बसायची सोय केली होती, भिंतीवर सफरचंदांच्या खोक्यांची जाहिरात तशीच लटकलेली. साक्षीदार मराठीत सांगणार आणि कंपनीच्या ऑफिसातला एक तरुण अधिकारी ते इंग्रजीत करून साहेबांना सांगणार, असं ठरलेलं. त्या मुलाबद्दल काका तुला काहीबाही सांगतील, पण मी तरी त्यानं मुद्दाम केलं असं म्हणणार नाही. मुद्दाम केलंही असेल. मला माहीत नाही. तो भराभर बोलत होता, आणि भराभर बोलणारी माणसं ‘हॅड’ गिळतात, एवढं मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे. पहिल्या रांगेत मी आणि काका. मागच्या बाकावर शिंपी, एकटाच. येताना त्यानं मला हात जोडले होते. म्हणाला, “तुमच्या माणसानं माझ्या पोरीसाठी जीव दिला.” मीही हात जोडले.

लंबूला आणलं. वाळून काटकी झालेला, दाढी वाढलेली. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. साहेबांनी विचारलं, तू मशीन रूममध्ये कधी आलास, काय पाहिलंस. तो म्हणाला, “मी जेवून आलो. मी आलो तेव्हा गॅस सुटला होता. आत काहीच दिसत नव्हतं.” त्या मुलानं साहेबांकडे वळून सांगितलं, “व्हेन आय केम, द गॅस लीक्ड.” साहेबांनी मान हलवली, टंकलेखिकेची बोटं चालली. आणि भिंगरी, लंबूनंही मान हलवली. ‘केम’ कळलं, ‘गॅस’ कळलं, आपलंच सांगताहेत म्हणून तो बिचारा हो हो करत होता.

मी आलो तेव्हा गॅस सुटला. म्हणजे तो येईपर्यंत सगळं ठीक होतं, तो आला आणि वायू सुटला. म्हणजे व्हॉल्व्हशी तोच होता. दुसऱ्या कुणाचा संबंधच उरत नाही. एक शब्द गळाला आणि लंबू आयुष्यभरासाठी तुरुंगात गेला. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारायला कागद उलटला.

मी लगेच उठले, असं समजू नकोस. मी बसून राहिले. आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मग वाटलं, पुढे कुठेतरी दुरुस्त होईल. मग मला समजलं की ते दुरुस्त झालं तर काय होतं. लंबू आला तेव्हा वायू सुटला होता, तर तो येण्याआधी तिथे होतं कोण? मशीन रूममध्ये दोघंच असायचे. तुझे बाबा आत पळत गेले ते कुठून गेले, बाहेर कशाला होते, हा प्रश्न तोवर कुणाच्या मनात आला नव्हता. माझ्याही नाही. आला असला तरी मी त्याला बसायला जागा दिली नव्हती.

मी उभी राहिले. काकांनी मनगट धरून खाली ओढलं, दातांवर दात ठेवून म्हणाले, “वहिनी, बसा.” मी इंग्रजीतच बोलले, कारण मराठीत बोलले असते तर ते पुन्हा त्याच मुलाच्या तोंडून गेलं असतं. म्हटलं, साहेब, साक्षीदार असं म्हणाला नाही. तो म्हणाला, ‘द गॅस हॅड लीक्ड.’ तो यायच्या आधी. साहेबांनी चष्मा काढला. विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी शाळेत इंग्रजी शिकवते. ते वाट बघत राहिले. मग मी म्हटलं, जे गेले ते माझे पती. साहेब भला माणूस असावा. अगदी हळू म्हणाले, तुम्ही जे सांगताय त्याचा अर्थ तुमच्या लक्षात येतो आहे ना? मी म्हटलं, अर्थ लक्षात आल्यावरच उठले.

त्यांनी लंबूला पुन्हा विचारलं, या वेळी शब्दाला शब्द लावून, आणि मला ऐकत राहायला सांगितलं. तू आलास तेव्हा वायू सुटत होता, सुटला, की आधीच सुटला होता? लंबू गोंधळला. म्हणाला, “सुटला होता म्हणालो ना मी. मी कँटीनमध्ये ताट विसळत होतो तेव्हा भोंगा झाला.” कँटीनच्या मावशींना बोलावलं, त्यांनीही तेच सांगितलं, भोंगा झाला तेव्हा ताट त्याच्या हातात होतं आणि ते हातातून पडलं. मग साहेबांनी विचारलं, तू जेवायला गेलास तेव्हा तेल कोण काढत होतं? लंबू गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि मला उमगलं की इतके दिवस कोठडीत बसून, मार खाऊन, हा मुलगा हे उत्तर गिळून बसला होता. साहेब म्हणाले, तुला सांगावंच लागेल. तो खाली बघत म्हणाला, “उस्तादांनी मला जेवायला पाठवलं. म्हणाले, जा तू, निवतं ते जेवण. तेल मी काढतो.”

उठताना मी मागे वळून पाहिलं. शिंपी तसाच बसला होता. मला वाटलं तो काही बोलेल, चार शिव्या जरी दिल्या असत्या तरी मी उभी राहून ऐकल्या असत्या. त्यानं टोपी उचलली, झटकली, आणि मी तिथे नसल्यासारखा माझ्या बाजूनं निघून गेला. अजून रस्त्यात दिसतो. बाजू बदलतो. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. निदान कुणीतरी तिला वाचवायला धावलं होतं, एवढाच आधार त्याच्यापाशी होता, तो मी काढून घेतला.

काका घरापर्यंत सोबत आले. दारात म्हणाले, “घरभेदी ऐकून होतो, आज बघितली.” तेव्हापासून ते आत आलेले नाहीत, काल सोडून. त्याच संध्याकाळी फाटकापाशी लावलेला फोटो उतरवला. मी बघायला गेले नव्हते, दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना दिसलं, भिंतीवर चौकोन तेवढा उजळ राहिला आहे.

लंबूला जामीन मिळाला तसा तो इथे आला. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता, मी ओरडले तेव्हा आला, आणि वर्गात बसायचा तसाच पाय आवरून बसला. मी त्याला एकच विचारलं, ते व्हॉल्व्ह उघडा ठेवून गेले कुठे होते? माझ्या मनात काय काय येऊन गेलं होतं ते तुला सांगत नाही. तो म्हणाला, “कुठे नाही हो बाई. मागच्या भिंतीला ऊन येतं. तेल गळायला वेळ लागतो, तेवढ्यात उस्ताद उन्हाला जाऊन उभे राहायचे. त्या गारठ्यात गुडघे धरायचे त्यांचे. रोजचंच होतं. आम्ही सगळेच जातो.” मग म्हणाला, तिथे हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असायला हवा, तो पूर्वी होता, बिघडल्यावर काढला आणि साधा बसवला. बाबांनी कंपनीच्या वरच्या साहेबांना सांगितलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. साहेबांचं एकच, बघू. आता चौकशीत तेही निघालं आहे आणि पुढच्या तारखेला त्यावरच बोलायचं आहे, म्हणून कंपनीच्या पायाखाली आग लागली आहे.

उन्हाला उभे होते, भिंगरी. एवढंच. मी रात्रंदिवस डोकं फोडून घेतलं आणि निघालं काय, तर गुडघे दुखतात म्हणून एक माणूस उन्हाला उभा होता. मी रडले का हसले ते मला सांगता येणार नाही, लंबू घाबरून पाणी आणायला पळाला.

तू म्हणशील, मग मिळवलंस काय आई? माणूस गेला तो गेला, वर नावही गेलं. मी हिशेब मांडून पाहिला नाही, कारण तो जुळणार नाही हे मला ठाऊक आहे. पण एक सांगते, ते नीट ऐक. तू सभेत बोललीस ते खोटं नव्हतं. ते आत गेलेच होते. भोंग्याचं बटण त्यांनीच दाबलं, आणि बाहेर मोकळी हवा असताना पाठ फिरवून आत गेले, आणि व्हॉल्व्ह बंद करूनच पडले. ते कुणी पुसलेलं नाही, कुणाला पुसता येणार नाही. पण त्याच्या आधी ते व्हॉल्व्ह सोडून गेले होते, तेही खरं आहे. तुला त्यातलं एकच हवं आहे. मलाही एकच हवं होतं गं. मला तर तुझ्यापेक्षा जास्त हवं होतं, मी त्यांच्यासोबत जन्म काढला. पण दोन्ही त्यांचंच आहे, आणि आधीचं आधीच राहणार. ते नंतरच्याखाली झाकायचं तर त्यावर लंबूला आडवा घालावा लागतो. त्याला एक मुलगी आहे. बाप पळाला म्हणून शाळेत तिच्या शेजारी कुणी बसत नव्हतं. आता बसतात का, म्हणशील, तर अजून नाही. लोकांना एकदा सांगितलेलं परत घ्यायला वेळ लागतो.

काल काका आले ते यासाठीच. कंपनीच्या वकिलानं दिलेला कागद घेऊन आले होते, माझ्या सहीसाठी. त्यात माझ्या नावानं लिहिलं आहे की त्या दिवशी दुःखानं माझं भान हरपलं होतं, साक्षीदाराचे शब्द मी नीट ऐकलेच नाहीत, आणि मी जी दुरुस्ती सांगितली ती मागे घेते. सही केली तर फोटो परत लागेल, क्वार्टर राहील, आणि तुला इथल्या ऑफिसात घेतील. काका म्हणाले, वकिलानं बनवला आहे. मी वाचला. “बाय द टाइम द विटनेस स्पोक, आय हॅड स्टॉप्ड लिसनिंग.” भिंगरी, त्या वकिलाची पत्रं मी पाहिली आहेत, त्याला हे लिहिता येत नाही. हे तुझं इंग्रजी आहे. सगळ्या पानात एक ‘हॅड’ चुकलेला नाही, जिथे हवा तिथेच आहे, आणि वाक्य सुरुवातीपासून शेवटपर्यंत खोटं आहे. मी काकांना काही बोलले नाही, तूही त्यांना बोलू नकोस. मला राग आला, मग तुझी कीव आली. बाबांसाठी तू हे केलंस, हे मला समजतं. पण मी सही करणार नाही. आज नाही, आणि तू येऊन माझ्या पायाशी बसलीस तरी नाही. कागद या पत्रासोबत परत पाठवते आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. येत्या बुधवारी लंबूची तारीख आहे. साहेबांनी मला शेजारी बसून भाषांतर ऐकायला सांगितलं आहे, मी जाणार आहे. मी पहिल्या रांगेत असेन. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असते हल्ली, तिथे कुणी बसत नाही.

तुझीच,
आई